वाळू झाकण्याची शपथ

अन्नावाचून माणूस काही आठवडे तग धरतो, पाण्यावाचून काही दिवस, पण हवेवाचून काही मिनिटेसुद्धा नाही. म्हणून हवा स्वच्छ राखणे हे माणसाचे पहिले कर्तव्य आहे. हे वाक्य मी आमच्या कॉलनीच्या समाजमंदिरात ऐकले, तेव्हा तिथली सगळी दारे आणि खिडक्या बंद होत्या. बाहेर रस्त्यावर काँक्रीटचा मिक्सर चालू होता आणि त्याची धूळ तरीही फटींतून आत येऊन सतरंजीवर बसत होती. पंखे होते, पण त्यांच्या घरघरीत भाषण ऐकू येत नाही म्हणून तेही थांबवलेले. अशा रीतीने आम्ही तीस-चाळीस माणसे घामाघूम होऊन हवेचे महत्त्व समजून घेत होतो.

बोलणारे गृहस्थ एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. कॉलनीत सगळे त्यांना साहेब म्हणतात आणि त्यांना ते आवडते. त्या दिवशी ते 'हवा शुद्धी समिती'चे अध्यक्ष झाले. बैठक विहारात घ्यावी की मंदिराच्या सभामंडपात, यावर आधीचा आठवडा गेला होता. शेवटी समाजमंदिर ठरले, कारण तिथे कोणाचेच नेहमीचे जाणे नव्हते.

मी सहसा अशा बैठकांना जात नाही. आयुष्यभर शाळेत शिकवले आहे, त्यामुळे भाषणांचा माझा कोटा केव्हाच भरला. त्या दिवशी गेले ती माझ्या यजमानांसाठी.

यजमान एस.टी.त ड्रायव्हर होते. तीस वर्षे त्यांनी तुमसर, पवनी, अड्याळ या रस्त्यांवर गाड्या चालवल्या आणि त्या रस्त्यांची धूळ घरी आणली, काही कपड्यांवर, बाकीची छातीत. निवृत्तीनंतर त्यांची एकच चैन उरली होती. सकाळी आणि दिवस मावळताना घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. आमच्या गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता आहे. तिथून एस.टी. गेली की न पाहता ते सांगत, "हा नवा दिसते. क्लच पुरा दाबतच नाई." नाहीतर, "हे गाडी होळीपर्यंत डेपोत बसते, पाहून घेजो." खरे-खोटे तपासायला कोणी जात नसे. पण ते खुर्चीवर बसलेले असले की मला घरात बरे वाटे. ज्या माणसाला रस्त्यावरच्या गाडीची काळजी आहे तो अजून ठीक आहे, असा माझा हिशेब.

गणपतीत समोरच्या घरावर दुसरा मजला चढू लागला. समोरचा मुलगा, म्हणजे आता चाळिशीचा गृहस्थ, सातवीत माझा विद्यार्थी होता. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये कारकून आहे, मूळचा करडीचा. स्वभावाने सरळ. त्याने रस्त्याच्या कडेला, आमच्या ओट्यापासून दहा पावलांवर, बांधकामाची वाळू टाकली. वैनगंगेची वाळू हल्ली सहज मिळत नाही, म्हणून तिच्यात क्रशरची चुरी मिसळतात. चुरी म्हणजे दगडाचे पीठ. एक मोटरसायकल बाजूने गेली तरी त्या ढिगाऱ्यातून पांढरा ढग उठे आणि सावकाश आमच्या ओट्यावर येऊन बसे.

यजमानांना दम लागू लागला. डॉक्टरांनी छाती तपासली, पंप लिहून दिला आणि म्हणाले, "समोरचं काम संपेपर्यंत काकाजींना बाहेर बसवू नका." काम संपायला उन्हाळा उजाडणार होता. खुर्ची आत आली, खिडकीच्या फटीत ओला पंचा कोंबला. यजमान आतल्या खोलीत भिंतीकडे पाहत बसू लागले. बंद खिडकीतून गाड्यांचा आवाज येत असे, पण क्लच काही ओळखू येत नसे.

म्हणून मी बैठकीत उभी राहिले आणि एवढेच मागितले, की ज्यांचे बांधकाम चालू आहे त्यांनी आपली वाळू झाकावी.

सूचना एकदम मंजूर झाली. इतकी लवकर, की मला तिथेच शंका यायला हवी होती. कारण उघड होते: कोणाला काही विकत आणायचे नव्हते. आमच्याकडे घरात फ्रीज नसेल, पण ताडपत्री असतेच. भंडाऱ्यात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाचे एक गाव असते, गावात थोडी धानाची शेती असते, आणि ताडपत्री ही त्या शेतीची शहरातली शाखा. ती माळ्यावर घडी घालून ठेवलेली असते, कोपऱ्यात रंगाने घराची खूण केलेली. साहेबांनी लगेच तिला नाव दिले, 'ताडपत्री बँक'. ज्याच्याकडे आहे त्याने द्यावी, ज्याची वाळू उघडी आहे त्याने घ्यावी. माझीही मी दिली. निळी, एका टोकाला ठिगळ लावलेली.

साहेबांचे त्यावर समाधान झाले नाही. शपथ हवी होती. मग वाळूला जोडून वाहनेही आली. दर शनिवारी कॉलनीतल्या कोणी मोटरसायकल काढायची नाही आणि एरवी कुठेही थांबले की इंजिन बंद करायचे, असे कागदावर लिहून सगळ्यांनी उभे राहून उजवा हात पुढे करून म्हटले. एका औषधदुकानदाराने तेवढी सही केली नाही. म्हणाला, "मले शनिवारी नागपूरले माल आणाले जा लागते. खोटी सही कायले करू?" त्याच्याकडे सगळ्यांनी असे पाहिले, जणू त्याने हॉलमध्ये विडी पेटवली.

घरी येऊन मी यजमानांना शपथ वाचून दाखवली.

"इंजन बंद करा म्हणते?" ते हसले आणि हसता हसता खोकले. "अवं, तीस वर्षात मी चहाले उतरलो तरी इंजन बंद नाई केलं. बंद केलं तर चालू कोण करन? आमच्या डेपोच्या अर्ध्या गाड्यांले स्टार्टरच नव्हता. पवनीच्या स्टँडवर एकडाव बंद पडली, तं लग्नाच्या वऱ्हाडानं धक्का मारला. नवरदेव बी लागला."

"म्हणजे तो सगळा धूर तुमचाच."

"माहाच होय. आता वापस येऊन राहिला."

पहिल्या शनिवारी मी मुद्दाम फाटकाशी उभी राहून पाहिले. सगळ्यांच्या मोटरसायकली अंगणात झाकून ठेवलेल्या. माणसे मात्र घाईत होती, कारण ऑफिसला सुटी नसली तर शनिवारीही जावेच लागते. सकाळी सात वाजता औषधदुकानदाराने गाडी काढली आणि तिच्यावर मागे एक शिक्षक बसला. दुकानदार त्याला चौकात सोडून आला, तर फाटकाशी दुसरा उभा.

"भाऊ, बस स्टँडपर्यंत सोडता का जी? आज आमची शपथ हाय."

"या, बसा. माही तं नाई ना."

त्या सकाळी त्याने सहा चकरा मारल्या. सातव्या वेळी माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "मॅडम, सही केली असती तं बरं झालं असतं. पेट्रोल तरी वाचलं असतं." त्या दिवशी आमच्या कॉलनीत एकाच गाडीचा धूर झाला, हे मात्र कबूल केले पाहिजे.

ताडपत्र्यांचे काम खरोखर चांगले झाले. समोरच्याने आपली आणि माझी अशा दोन ताडपत्र्या ढिगावर टाकल्या, कडेने विटा मांडल्या. दर दोन दिवसांनी येऊन दोर ओढून पाही. "मॅडम, काकाजींले सांगा, आता एक कण उडत नाई." आणि उडत नव्हता. साहेबांनी कॉलनीच्या फाटकावर मोठा फ्लेक्स लावला: 'शुद्ध हवा, आमचा संकल्प'. त्यावर समितीच्या अकराही सदस्यांचे गोल चौकटीतले चेहरे होते, साहेबांचा जरा मोठा, आणि कोपऱ्यात जागा उरली म्हणून एक झाड. मला त्या फ्लेक्सचा राग आला, पण मनातल्या मनात साहेबांना मी थोडे माफही केले. कारण आठव्या दिवशी डॉक्टरांना विचारून खुर्ची पुन्हा ओट्यावर आली. यजमान दोन्ही वेळा बाहेर बसू लागले. तीन आठवडे बसले. एकदा मोठ्या रस्त्यावर लांबपर्यंत हॉर्न वाजला आणि ते खुर्चीत ताठ झाले. "हा अड्याळवाला. म्हातारा झाला तरी हॉर्न काई सोडत नाई."

दिवाळी झाली आणि आभाळ भरून आले.

ज्याने धानाच्या पट्ट्यात आयुष्य काढले आहे त्याला यापुढचे सांगण्याची गरज नाही, आणि तरीही कॉलनीतल्या एकाच्याही, माझ्यासकट, डोक्यात हे आधी आले नव्हते. ताडपत्री घरात कशासाठी असते? धान झाकण्यासाठी. धान केव्हा कापतात? दिवाळीच्या आगेमागे. आम्ही सगळ्यांनी आश्विनात मोठ्या उदारपणे जी वस्तू दान केली ती कार्तिकात आम्हालाच लागणार होती. दरवर्षी लागते. तीस-चाळीस सुशिक्षित माणसांनी हात पुढे करून शपथ घेतली, आणि एकालाही कॅलेंडर आठवले नाही.

दुपारपासून कॉलनीत फोन वाजू लागले. समोरचा आला तो चप्पल न घालताच.

"मॅडम, भावाचा फोन होता. करडीले पूर्ण धान कापून बांधीत पडला हाय. पुंजणे झाले नाई अजून. पाणी आलं तं सप्पा सडते."

"मग?"

"मग काय." त्याने वाळूकडे पाहिले. "ताडपत्री नेतो जी. चुरणं झालं का वापस आणतो."

बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचे शेत, पुंजणे म्हणजे कापलेल्या धानाचे रचलेले ढीग, आणि चुरणे म्हणजे मळणी. तिला अजून महिना होता. मी काही बोलणार होते. सातवीत मी त्याला गृहपाठ न केल्याबद्दल वर्गाबाहेर उभे केले होते. त्याच आवाजात काहीतरी ऐकवावे असे तोंडापर्यंत आले. तेवढ्यात माझा फोन वाजला. अड्याळहून भाऊ.

"बाई, तुह्याकडे ते निळी ताडपत्री हाय ना? आभाळ पाहून राहिली का? धान उघडा हाय. गाडी करून मानूस पाठवू का?"

त्या शेतात माझाही हिस्सा आहे. वर्षाचे तांदूळ तिथून येतात. मी फोन हातात धरून उभी राहिले आणि ढिगावरचे ते ठिगळ पाहू लागले. ओट्यावरून यजमान म्हणाले, "देऊन टाक. पाणी आलं तं वाळू भिजन, धूळ बसन. वाळूले ताडपत्री कायले पायजे? धानाले पायजे."

युक्तिवाद बिनतोड होता. कॉलनीतल्या प्रत्येक घरात त्या दुपारी हाच युक्तिवाद चालू होता, आणि संध्याकाळपर्यंत ताडपत्री बँक रिकामी झाली. माझी ठिगळवाली मीच दोर सोडून, घडी घालून, भावाच्या माणसाच्या हातात दिली.

पाऊस आला नाही. वारा आला.

दिवसरात्र तो वाहत राहिला, कोरडा, उत्तरेकडून. आभाळ तसेच भरलेले, जमिनीवर थेंब नाही. कॉलनीत चार घरांची कामे चालू होती; चारही ढीग उघडे, आणि सगळी चुरी हवेत. खुर्ची आत नेली, पंचा पुन्हा फटीत कोंबला. तिसऱ्या दिवशी सकाळी यजमान पलंगावर उठून बसले आणि त्यांना श्वास आत घेता येईना. पंप दोनदा मारला. ओठांचा रंग मला आवडला नाही. मी बाहेर येऊन ओरडले.

तो शनिवार होता.

त्या एका मिनिटाबद्दल मी कॉलनीची कधीही थट्टा करणार नाही. ज्यांनी हात पुढे करून शपथ घेतली होती त्यांतले तिघे आणि न घेतलेला एक, असे चार जण चार गाड्या घेऊन आमच्या फाटकाशी आले. समोरचा आला, औषधदुकानदार आला, एक शिक्षक, आणि साहेब स्वतःची कार काढून आले. चौघांनी घाईत इंजिने चालू ठेवली, कारण केव्हा निघावे लागेल सांगता येत नाही. फाटकापाशी धुराचा लोट झाला. यजमानांना दोघांनी धरून ओट्यावर आणले. त्यांना बोलता येत नव्हते. त्यांनी हात वर केला आणि हवेत किल्ली फिरवून दाखवली.

"काय म्हणून राहिले काकाजी?" समोरच्याने विचारले.

"बंद करा म्हणतात," मी म्हणाले. "इंजिनं बंद करा."

एकेक करून चारही बंद झाली. क्षणभर गल्लीत काही आवाज उरला नाही, फक्त त्यांच्या छातीतली शिट्टी. मग त्यांना साहेबांच्या कारमध्ये बसवले, काचा वर केल्या, आणि एकच गाडी सुरू झाली. साहेब पूर्ण रस्ता बोलले नाहीत. मी त्यांना एवढे गप्प कधी पाहिले नव्हते.

दवाखान्यात दोन दिवस ऑक्सिजन लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, "धूळ बंद होणार नसेल तर मुलीकडे नागपूरला पाठवता का काही महिने?" यजमानांना ते ऐकू गेले. संध्याकाळी मास्क बाजूला करून म्हणाले, "नागपुरात मले कोणत्या गाडीचा आवाज ओळखू येईन?" आणि मास्क परत लावून घेतला.

सोमवारी दुपारी मी कपडे न्यायला घरी आले. वारा चालूच होता. कॉलनीच्या फाटकावरचा फ्लेक्स एका बाजूने सुटला होता आणि फडफडत होता, अकरा चेहरे कधी दिसत, कधी दुमडत. मी तिथे उभी राहून त्याची लांबी-रुंदी नजरेने मोजली. मग समोरच्याला हाक मारली.

"शिडी आण."

तो शिडी घेऊन आला, वर पाहिले, माझ्याकडे पाहिले. "मॅडम, साहेब चिडन."

"चिडू दे. कोणाच्या धानावर हा फ्लेक्स चालेल का, सांग."

त्याने विचार केला. "नाई जी. गावात हसतीन लोकं."

"मग चढ."

आम्ही फ्लेक्स काढून वाळूच्या ढिगावर पसरवत होतो तेव्हा साहेब आले. बातमी त्यांच्यापर्यंत कोणी पोचवली ते विचारले नाही.

"मॅडम, हा समितीचा फलक आहे."

"साहेब, ही समितीचीच धूळ आहे."

त्यांनी ढिगाभोवती एक फेरी मारली. शनिवारच्या गप्प माणसाची छाया अजून त्यांच्यावर होती, म्हणून ते भाषणावर गेले नाहीत. एवढेच म्हणाले, "निदान चेहऱ्याची बाजू वर तरी ठेवा."

"वरच ठेवली आहे."

"आणि विटा चेहऱ्यावर नको."

हे मला मान्य करावे लागले. समोरच्याने एकेक वीट उचलून दोन-दोन चेहऱ्यांच्या मधल्या जागेत ठेवली. साहेबांच्या मोठ्या चौकटीपाशी जागा कमी होती, तिथे वीट त्यांनी स्वतः उभी करून ठेवली. मग झाडाच्या चित्रावर दोन ठेवल्या, कारण त्याला कोणाची हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ओटा धुतला. त्याच्या दुसऱ्या दिवशी बोट फिरवून पाहिले, बोटाला काही लागले नाही. बाकीच्या तीन ढिगांवर कोणाच्या दुकानाचा, कोणाच्या वाढदिवसाचा, असे जुने फ्लेक्स आले. शहरात फ्लेक्सचा तुटवडा कधीच नसतो, आणि त्यांना गावाहून मागणी येत नाही. आठवड्याने यजमान घरी आले. आधी त्यांनी समोरचा ढीग पाहिला, मग ढिगावरून वर पाहणारे अकरा चेहरे, आणि म्हणाले, "बाप्पा! सारी समिती कामाले लागली." खुर्ची ओट्यावर ठेवली. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे, मग अर्धा तास. चौथ्या दिवशी मोठ्या रस्त्यावरून एक गाडी गेली आणि त्यांनी डोळे न उघडता सांगितले, "सेकंडमधून सरळ टॉपमध्ये टाकली. याले मीच शिकवलो होतो."

समोरचा मजला चढला, वाळू संपली. ताडपत्र्या परत आल्या नाहीत. धानाचे चुरणे झाले, पण तोवर कोणाकोणाकडे उन्हाळी धानाची रोवणी लागली होती, आणि परत आणून परत न्यायच्या कशाला, असा सगळ्यांनी सरळ विचार केला. माझी निळी अड्याळलाच आहे.

उन्हाळ्यात समितीचा वार्षिक अहवाल घरोघरी आला. मी तो यजमानांना ओट्यावर वाचून दाखवला. पहिल्या पानावर अन्न, पाणी आणि हवेचे वाक्य आहे. मग यशाच्या नोंदीत सामूहिक शपथ, वाहनमुक्त शनिवार आणि ताडपत्री बँक या तीन उपक्रमांची माहिती आहे. शेवटच्या पानावर समितीच्या मालमत्तेची यादी आहे, तिच्यात एकच वस्तू आहे, आणि तिच्यापुढे लिहिले आहे: 'फ्लेक्स फलक, एक नग, वाऱ्याने फाटल्यामुळे निकामी.'